तुमचं सर्कल कोणतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



शहापूरच्या किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं तर एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर्कल आलेत का?" आणि त्याचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. "सर्कल आज बाहेर गेलेत, उद्या या." शाळेत भूमिती शिकलेल्या मुलाने हे ऐकलं तर तो चक्रावून जाईल. वर्तुळ कसं येईल आणि जाईल? पण आपल्या दोन्ही तालुक्यांत सर्कल येतो, जातो, रागावतो, रजेवर असतो, बदलून जातो. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. काही तलाठी सजा मिळून एक महसूल मंडळ होतं, आणि त्या मंडळाचा अधिकारी तो सर्कल. म्हणजे वर्तुळ ही आधी आकृती होती, मग तो मुलूख झाला, आणि शेवटी त्या मुलखातला माणूसच वर्तुळ झाला.

आज मला या एका शब्दाविषयी बोलायचं आहे. साधा, चौथीतल्या मुलालाही येणारा इंग्रजी शब्द. पण तो आपल्या सात-बारापासून मोबाईलपर्यंत आणि जंगलापासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे पसरलेला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. तो अर्थ ठाऊक असणं ही नुसती भाषेची हौस नाही. शेतकऱ्याच्या पदरात भरपाई पडणार की नाही, हेसुद्धा कधी कधी त्यावर ठरतं.

आधी शब्दाचं घराणं पाहू. लॅटिन भाषेत 'सर्कस' म्हणजे कडं, रिंगण. त्याचं लहान रूप 'सर्क्युलस', छोटं कडं. त्यावरून इंग्रजीत सर्कल आला. म्हणजे सर्कस आणि सर्कल हे सख्खे भाऊ. लंडनमधल्या पिकाडिली सर्कसमध्ये वाघ-सिंह नाहीत, ती फक्त रस्ते एकत्र येण्याची जागा आहे. आपल्याकडे मात्र सर्कस म्हटलं की तंबू आणि रिंगणच डोळ्यांपुढे येतं. विष्णुपंत छत्रे या मराठी माणसाने १८८० मध्ये भारतीय सर्कस उभी केली, तेव्हापासून तो शब्द आपलाच झाला आहे.

रस्त्यावरचं सर्कल हे मुंबईकडे. हॉर्निमन सर्कल, किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल. मधे गोल बाग आणि भोवती रस्ता. हॉर्निमन सर्कलचं आधीचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला स्वातंत्र्यानंतर दिलं गेलं. आपल्याकडे रस्त्याला नाका असतो आणि फाटा असतो. रस्त्याला फांदी फुटली की फाटा, रस्ता अडवून कर घ्यायचा तो नाका. गोल फिरत बसायला खेड्यातल्या रस्त्याला वेळही नाही आणि तेवढी रुंदीही नाही.

याच घराण्यातला दुसरा शब्द सर्क्युलर. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत जाणारं पत्र. मराठीत त्याला परिपत्रक म्हणतात, आणि हा फार नेमका शब्द आहे, कारण 'परि' म्हणजे सभोवती. तिसरा शब्द सर्किट. सर्किट म्हणजे फेरी. साहेब जिल्ह्याच्या फेरीवर निघाला की मुक्कामाला जिथे उतरायचा ते सर्किट हाऊस. आणि चौथा शब्द ऐकून तुम्हाला नवल वाटेल. 'सर्च', म्हणजे शोधणे, हाही याच कुळातला. गोल गोल फिरणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून तो आला. शोधायचं तर फेऱ्या माराव्या लागतात, हे शब्दालाच ठाऊक आहे. दाखला शोधत कचेरीच्या फेऱ्या मारणाऱ्या आपल्या माणसालाही ते ठाऊक आहे. तो त्याला हेलपाटे म्हणतो.

सर्किट, फेरी, फिरती हे शब्द ध्यानात ठेवा, कारण सरकारी सर्कलचा खरा अर्थ त्यांच्यात आहे. इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्याने घोड्यावरून नाहीतर पायी फिरून गावं पाहायची, पिकं पाहायची, नोंदी तपासायच्या अशी रीत होती. ज्या मुलखात तो फिरायचा ते त्याचं सर्कल. जंगलखात्यात तर हे नावांतच दिसतं. तिथे 'राऊंड' आहे, म्हणजे फेरी, आणि 'बीट' आहे, म्हणजे गस्तीची वाट. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यातही मंडळ अधिकारी आणि मंडळ निरीक्षक ही पदं आहेत. थोडक्यात, सर्कल हे फिरणाऱ्या माणसासाठी आखलेलं आहे, बसणाऱ्या माणसासाठी नाही.

आता गंमत पाहा. धसईच्या किंवा किन्हवलीच्या बाजूचा एखादा शेतकरी घ्या. तो एका जागी उभा आहे, पण एकाच वेळी किती वर्तुळांत उभा आहे? महसूल खात्यात सर्कल म्हणजे मंडळ, आणि ते लहान असतं, काही गावांचं. जंगलखात्यातही सर्कल आहे, पण मराठीत तिथे त्याला मंडळ न म्हणता 'वृत्त' म्हणतात, आणि ते प्रचंड मोठं असतं. आपलं ठाणे वनवृत्त ठाणे, पालघर आणि रायगड अशा जिल्ह्यांवर पसरलेलं आहे. त्या वृत्तात शहापूरसारखे वनविभाग, विभागात परिक्षेत्र, परिक्षेत्रात परिमंडळ म्हणजे राऊंड, आणि परिमंडळात नियतक्षेत्र म्हणजे बीट. राऊंडचा वनपाल, बीटचा वनरक्षक. म्हणजे महसूल खात्यातला सर्कल आपल्या गावच्या बांधावर भेटू शकतो, आणि वनखात्याच्या सर्कलचा प्रमुख ठाण्याला मुख्य वनसंरक्षकाच्या खुर्चीत असतो. शब्द तोच, अंतर केवढं!

विजेकडे या. महावितरणमध्ये सर्कल म्हणजे मंडल, आणि त्याच्याही वर झोन, ज्याला ते परिमंडल म्हणतात. शहापूर आणि मुरबाड हे कल्याण परिमंडलात येतात. आत्ताच आपण जंगलातलं परिमंडळ पाहिलं, ते काही गावांच्या रानाएवढं. आणि विजेचं परिमंडल अनेक तालुक्यांचं. एकाच शब्दाचा एका खात्यात लहान अर्थ आणि दुसऱ्या खात्यात मोठा. अर्ज लिहिणाऱ्या माणसाने 'परिमंडळ' हा शब्द वाचला तर त्याने कुठे जायचं, रानातल्या नाक्यावर की कल्याणला?

टपालाचं सर्कल याहून मोठं. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतं. मोबाईलचं सर्कल आणखी वेगळं. तिथे मुंबई हे स्वतंत्र सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. शहापूर-मुरबाड जिल्ह्याने ठाण्याचे, पण मोबाईलच्या हिशेबाने ते पणजीच्या पंगतीत. मोबाईल नवे होते आणि रोमिंगला जादा पैसे पडत होते, त्या काळात आसनगावहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला आपण एक हद्द ओलांडतो आहोत हे लोकलच्या खिडकीतून दिसायचं नाही. ते रिचार्ज संपल्यावर कळायचं. वर्तुळाची रेघ जमिनीवर कुठेच नसते. ती कागदावर असते आणि खिशाला लागते.

या सगळ्या सर्कलांचं मराठी करताना आपल्या सरकारी भाषेने मुख्यतः एका शब्दाचा आसरा घेतला, तो म्हणजे मंडळ. हा शब्द मुळात वर्तुळाचाच. सूर्यमंडळ, तारामंडळ यांतला. पण त्याचा राज्यकारभाराशी संबंध इंग्रजांच्या फार आधीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडलाची कल्पना आहे. मधे जिंकू इच्छिणारा राजा, त्याला लागून असलेला शेजारी तो शत्रू, त्या शत्रूच्या पलीकडचा तो मित्र, असं कड्यावर कडं. मध्ययुगात मंडल म्हणजे प्रांत. ठाण्याला ज्यांची सत्ता होती ते उत्तर कोकणचे शिलाहार राजे स्वतःला महामंडलेश्वर म्हणवीत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्याच भागात मंडल हा एका राजाचा मुलूख होता. आज तोच शब्द काही तलाठी सजांपुरता उरला. सजा शब्द ऐकून घाबरू नका, ती शिक्षा नव्हे, तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणतात. त्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव मिळालं आहे, पण लोकांच्या तोंडी तलाठी आणि भाऊसाहेबच आहेत.

मराठी माणसाने मंडळ हा शब्द सरकारच्या हाती मात्र सोडला नाही. गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ, तरुण मित्र मंडळ. चार पोरं एका पाटीखाली उभी राहिली की मंडळ झालं. मंत्रिमंडळ, विधिमंडळ, शिष्टमंडळ हे वरच्या थरातले. दहावीची परीक्षा घेतं ते राज्य मंडळ, तिथे मंडळ म्हणजे बोर्ड. विजेचंही पूर्वी मंडळच होतं. २००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी लाईट गेली की गावात आजही "एमएसईबीला फोन लाव" असंच म्हणतात. आणि मंडळ मोठं झालं की महामंडळ. इथेही एक गंमत आहे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणच्या प्रवाशाला महामंडळ म्हटलं की एस.टी. आठवते. त्याच तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्याने "महामंडळाला भात घातलं" म्हटलं तर ते आदिवासी विकास महामंडळाचं खरेदी केंद्र. कोणतं महामंडळ, हे बोलणाऱ्याच्या खांद्यावर पिशवी आहे की पोतं, त्यावरून ओळखायचं.

आणि या मंडळाची सगळ्यात गोड लेक म्हणजे मंडळी. "काय मंडळी, जेवलात का?" यात वर्तुळाची खूण राहिली आहे, कारण मंडळी म्हणजे मुळात गोल करून बसलेली माणसं. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घ्यायचं टाळून "आमची मंडळी" म्हणत. एका माणसाचं एवढं मोठं वर्तुळ दुसऱ्या कुठल्या भाषेत झालं असेल असं वाटत नाही.

'वृत्त' या शब्दाचंही असंच. मूळ धातू वळण्याचा, फिरण्याचा. वृत्त म्हणजे वर्तुळ, वृत्त म्हणजे कवितेचा छंद, आणि वृत्त म्हणजे घडलेली हकिकत. म्हणून बातम्या छापतं ते वृत्तपत्र. आणि शाळेत आपण शिकलो ते 'केंद्र' तर मूळ आपलं नव्हेच. ग्रीक ज्योतिषातला 'केंत्रॉन' संस्कृतात येऊन केंद्र झाला, आणि तोच युरोपात जाऊन सेंटर झाला. दोन वाटांनी निघालेले दोन भाऊ आता आपल्याच गावात भेटतात. एका पाटीवर आरोग्य केंद्र, दुसऱ्या पाटीवर झेरॉक्स सेंटर.

इथवर झाली शब्दांची करमणूक. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात महसूल मंडळ दोन ठिकाणी निर्णायक ठरतं. पहिलं फेरफाराच्या वेळी. वडील वारले, वारसांची नावं लावायची आहेत, किंवा जमीन विकत घेतली आहे. तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली तर ती नमुना सहा-अ मध्ये लिहून तिची सुनावणी होते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. त्याची मोहोर उठेपर्यंत सात-बारावर नाव चढत नाही. नाव नाही तर पीककर्ज नाही, अनुदान नाही, भरपाई नाही. म्हणून तर "सर्कल आलेत का?" या प्रश्नात एवढा जीव गोळा झालेला असतो.

दुसरं पावसाच्या वेळी, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं. अतिवृष्टी झाली असं सरकार कधी म्हणतं? चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की. गावात नव्हे, मंडळात. त्यापुढे पंचनामा, आणि पिकाचं ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झालं का, हे पाहणं. पाऊस मोजण्यासाठी राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. 'महावेध' हे त्या प्रकल्पाचं नाव. पीकविम्यातही हिशेबाचं एकक बहुतेक वेळा महसूल मंडळच असतं.

आता आपला भूगोल आठवा. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेला माळशेज आणि नाणेघाट, सह्याद्रीची भिंत. शहापूरच्या अंगाला माहुलीचा डोंगर, डोळखांब-कसाऱ्याकडे पुन्हा सह्याद्री. डोंगराला अडून पडणारा पाऊस सपाटीवर तेवढाच पडेल असं नाही. एका रानात कोसळतो आणि पुढच्या फाट्यावर रस्ता कोरडा असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ऑक्टोबरात भात कापून शेतात पसरलेला असतो. त्यावर परतीचा पाऊस दोन तास धरला की भाताला कोंब फुटतात, पेंढाही काळा पडतो. पण पर्जन्यमापक मंडळाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि तिथे आकडा पासष्टच्या आत राहिला, तर कागदावर त्या मंडळात अतिवृष्टी झालीच नाही. भात भिजलं ते खरं, आणि आकडा लिहिला तोही खरा. दोन्ही खरं असून माणूस मात्र रिकाम्या हाताने परत येतो.

यात कुणी लबाडी केली असं नाही. दोष आकृतीत आहे. वर्तुळाची व्याख्या आपण पाठ केली होती. मध्यापासून सारख्या अंतरावर असलेल्या सगळ्या बिंदूंची मिळून होते ती रेघ. म्हणजे वर्तुळाच्या कडेवरच्या कुठल्याही दोन गावांना केंद्र सारखंच जवळ आणि सारखंच लांब. पण महसूल मंडळाचा नकाशा पाहा. तो वाकडातिकडा, एका बाजूला लांबलेला, मधे नदी, मधे डोंगर. एका गावाहून मंडळाच्या ठिकाणी दहा मिनिटांत रिक्षा जाते, आणि दुसऱ्या पाड्यावरच्या बाईला आधी चालत फाट्यावर यावं लागतं, मग एस.टी.ची वाट पाहावी लागते. नाव वर्तुळाचं, पण अंतर सारखं नाही.

हीच गोष्ट पाण्याची. तानसा धरण १८९२ मधलं, पुढे भातसा. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि पाणी मुंबईला. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. केंद्राकडे सगळं ओढलं जातं आणि काठ कोरडा राहतो. दरवर्षी टँकर, दरवर्षी आश्वासन, पुन्हा टँकर, याला इंग्रजीवरून आपण दुष्टचक्र म्हणतो. आपल्या न्यायशास्त्रात यासाठी जुना शब्द आहे, चक्रक. पहिली गोष्ट दुसरीवर अवलंबून, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी पुन्हा पहिलीवर. दाखल्यासाठी पुरावा, पुराव्यासाठी उतारा आणि उताऱ्यासाठी दाखला मागितला गेला की शास्त्र न शिकलेला माणूसही चक्रक दोष ओळखतो.

मग उपाय काय? वर्तुळ पुसून टाकता येत नाही. कारभार चालवायचा तर हद्दी आखाव्याच लागतात. पण वर्तुळ लहान करता येतं. पाऊस ग्रामपंचायतीच्या पातळीवर मोजावा, अशी दिशा केंद्र सरकारच्या २०२३ मधल्या 'विंड्स' योजनेत ठरली आहे. ती जितक्या लवकर आपल्या डोंगराकडच्या गावांपर्यंत पोचेल तितकं बरं, आणि ग्रामसभेत हा विषय आपणच काढला पाहिजे. दुसरं असं की सर्कल शब्दातली फिरती परत आली पाहिजे. फेरफाराची नोटीस आता संगणकावर दिसते, सात-बारा मोबाईलवर निघतो, ही चांगलीच सोय आहे. पण भिजलेलं भात संगणकाला दिसत नाही. ते बांधावर येऊनच पाहावं लागतं. अधिकारी फिरला तर लोकांना फिरावं लागत नाही, आणि अधिकारी बसला की सगळं गाव त्याच्याभोवती फिरतं. वारली पाड्यांवरच्या तारपा नाचात वाजवणारा मधे असतो, पण तो एका जागी बसून वाजवत नाही, तोही फिरत असतो. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात, आणि तो वळेल तसा फेर वळतो. कारभाराचं वर्तुळ असंच असायला हवं, मधला माणूसही चालता असलेलं.

आणि आपण स्वतः एक लहानसं काम करायचं. घरात जमिनीच्या कागदांची पिशवी असतेच. तिच्यात एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: आपली सजा कोणती, आपलं महसूल मंडळ कोणतं, पर्जन्यमापक कुठे बसवलेला आहे, रान कोणत्या वनपरिमंडळात येतं, विजेची तक्रार कोणत्या उपविभागात करायची. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा सुनेला ते विचारून भरायला सांगा. अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी ही माहिती गोळा करायला वेळ नसतो. पेपरात मंडळवार पावसाचे आकडे येतात, तेव्हा आपल्या मंडळाचा आकडा पाहायची सवय लावा, आणि तो शेतातल्या पावसाशी जुळत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या.

आपलं सर्कल कोणतं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. सर्कल आले का, हे त्यानंतर विचारता येईल.